सांगणं

हसू नका, पण मयतीचीसुद्धा रीत शिकावी लागते. मुंबई इलाखा सोडून आम्ही नवराबायको गोंदियाला आलो, भाताच्या गिरणीतल्या नोकरीसाठी. सहा महिन्यांत, एका पहाटे, तापानं बायको गेली. आमच्या साताऱ्याकडे रडणं ऐकू आलं की आळी आपणहून दारात जमते. म्हणून मी तिच्या उशाशी बसून राहिलो. दुपार झाली तरी कुणी फिरकेना. संतापून बाहेर आलो, तर शेजारच्या महादूकाकांच्या ओसरीवर अख्खी आळी बसलेली! तिरडीचे बांबूसुद्धा तोडून ठेवलेले.

"कसली माणसं हो तुम्ही?" मी ओरडलो.

काका म्हणाले, "आमी तं सकाळपासून वाट पाहून राहिलो जी. सांगणं आल्याबिगर परक्याच्या मयतीत कसं शिरावं? काऊन नाही सांगतलं?"

घरात मी एकटा. प्रेत सोडून सांगायला जाणार कोण?

आता गावातल्या प्रत्येक मयतीचं सांगणं मला येतं. परवा काका म्हणाले, "आता तुमी आमचेच जी."

मी म्हटलं, "मग काका, माझ्या मयतीचं सांगणं आजच घेऊन ठेवा. त्या दिवशी घरातून कोणी येणार नाही."