यात्रेतला नारळ आणि रेकॉर्डावरचं नाव

हॅलो?… कोन, साळुबाई वैनी?… हो, हो, भगवंतच बोलतोय. महाळुंग्यात आलोय, गाईचं औषध न्यायला… बोला ना.

काय? आपल्या गावच्या टोमॅटो कंपनीचं टॅक्सचं अपील फेटाळलं?… अवो रडू नका, आधी नीट सांगा… हां… 'सही करनाऱ्या बाईला कंपनीच्या वतीनं अपील करायचा अधिकारच न्हाई'… असं लिव्हलंय व्हय.

न्हाई वो, सही वाकडी आली म्हनून कुनी अपील फेटाळतं का!… मराठीत केली म्हनूनबी न्हाई… वैनी, ऐका ना.

टोमॅटो घालनाऱ्या सगळ्या बाया शेडात जमल्यात? आन तुमी एमडीचा राजीनामा देनार?… थांबा, थांबा! टॅक्सवाल्यांनी कंपनीचं खातं गोठवलं तर समद्यांचं टोमॅटोचं पेमेंट अडकंल, मला कळतंय. पर तुमचं काय चुकलं त्यात?

हो, यात्रेत एमडीची पाळी बदलली. भैरवनाथाफुडं मीच तुमच्या हातात नारळ दिला, तुमाला एमडी, म्हंजी कंपनीची कारभारीन केलं… पर ते गावानं केलं वैनी. सरकारला आपली यात्रा कुठं म्हाईत? तिथल्या रेकॉर्डला नाव बदलून घ्यावं लागतं… हो, दर साली जुना एमडीच करतो ते… हो, अवंदा मी करनार व्हतो.

…न्हाई केलं.

इसरलो न्हाई वैनी. वकिलांनी दोनदा इचारलं, नाव बदललं का. म्या म्हनलं, हो… का म्हंजी… मंचरला बँकेत गेलं की 'या एमडी साहेब' म्हनत्यात. लई गोड वाटायचं. सोडवेना.

द्या वैनी, शिव्या द्या, माझंच चुकलं…

हां… हो, रेकॉर्डला अजून मीच हाय, म्हंजी माझी सही चालंल. उशिराची माफी मागून परत अपील घालू… आजच. निघतोच… आन बायांना मी येऊन सांगतो, माझ्या तोंडानं. तवर तुमी फक्त…

आत्ता? फोनवर?… अवो, येतोय म्हनलं ना… लाज वाटती वैनी… स्पीकर चालू केला?

…

राम राम… हो, भगवंतच… ऐका समद्याजनी. वैनींचं काय चुकलं न्हाई. वकिलाशी खोटं मी बोललो… कोन म्हनलं 'मोठ्यानं सांगा'?… खोटं मी बोललो!… खुर्चीवरनं उठू नका वैनी. निघालो. ठेवतो.