तुझ्यामागे काय वाजतंय?

ताई: …नाही गं, पत्र नाही, फोन नाही, काही नाही. पेटीत फक्त विजेचं बिल होतं. तुला?

धाकटी: नाही. म्हणजे, अजून तरी नाही.

ताई: आपल्या दोघींच्या मुलाखतीला आज अकरा दिवस झाले. आठवड्यात कळवतो म्हणाला होता ना तो चष्मेवाला?

धाकटी: मोठी हॉस्पिटलं अशीच असतात, ताई. एका सहीसाठी फाइल चार टेबलं फिरते.

ताई: तेवढ्यात रक्त नासतं, पण यांची सही होत नाही. काल मी काय केलं माहितीये? शेजारणीला म्हटलं, जरा माझ्या नंबरवर फोन लाव. वाजतो तरी का बघू.

धाकटी: वाजला?

ताई: चांगला खणखणीत वाजला. ती दारात उभी, मी आत, आणि फोन उचलून मी 'हॅलो' म्हटलं. वेडीच म्हणाली असेल ती मनात. तू एवढी हळू का बोलतेस आज?

धाकटी: घसा बसलाय जरा.

ताई: गरम पाणी घे. आणि मागे काय वाजतंय तुझ्या?

धाकटी: मिक्सर. घरमालकीण काहीतरी वाटतेय.

ताई: मघापासून?

धाकटी: हो… तिचं चालूच असतं काही ना काही.

ताई: मिक्सर इतका वेळ सलग चालला तर जळेल. अगं, बावीस वर्षं लॅबमध्ये मी त्या आवाजाशेजारी उभी राहिलेय. सेंट्रिफ्यूज आहे ते. रक्ताच्या नळ्या फिरताहेत. कुठे आहेस तू?

धाकटी: ताई, मी सांगणार होते.

ताई: कुठे आहेस, एवढंच विचारतेय.

धाकटी: तिथेच. आपण मुलाखत दिली त्या हॉस्पिटलात, तळमजल्यावरच्या लॅबमध्ये.

ताई: कधीपासून?

धाकटी: सोमवारपासून.

ताई: आणि कळलं कधी?

धाकटी: गुरुवारी. दुपारी फोन आला त्यांचा.

ताई: गुरुवारी. म्हणजे शुक्रवारपासून आजपर्यंत तू मला रोज दहा वाजता फोन करून विचारत होतीस, 'ताई, काही कळलं का?'

धाकटी: पहिल्या दिवशी सांगायलाच फोन केला होता. तुम्ही फोन उचलल्या उचलल्या म्हणालात, 'बरं झालं केलास, तुझीच वाट बघत होते.' मग कसं सांगू? आणि एकदा नाही सांगितलं की दुसऱ्या दिवशी आणखी अवघड होतं.

ताई: शनिवारचं आठवतंय तुला?

धाकटी: शनिवारचं काय?

ताई: मागच्या गल्लीतल्या लॅबवाल्याने मला विचारलं होतं. सकाळी घरोघरी जाऊन रक्त घ्यायचं, नमुने आणून द्यायचे. मी तुला विचारलं, काय करू? तू काय म्हणालीस?

धाकटी: …थांबा म्हणाले.

ताई: 'थांबा ताई, अजून कुणालाच कळवलेलं नाही.' हेच शब्द. मी त्याला नाही म्हणून आले.

धाकटी: ताई—

ताई: मुलाखतीच्या दिवशी बाकावर तू माझ्याशेजारी बसलीस, तेव्हा आपली ओळखही नव्हती. तेच कागद पुन्हा पुन्हा चाळत होतीस. मीच म्हटलं, कुठल्या रंगाच्या झाकणाची नळी आधी भरायची ते विचारतील, घोकून ठेव. विचारलं ना?

धाकटी: पहिला प्रश्न तोच होता.

ताई: त्याचं मला काही नाही. तू हुशार आहेस, तिशीची आहेस, तुला घेतलं. मी त्यांच्या जागी असते तर मीही तुलाच घेतलं असतं. पण मला खुळ्यासारखं बसवून ठेवलंस गं तू.

धाकटी: मला वाटलं, सांगितलं की आपले फोन बंद होतील. या शहरात मला दहा वाजता फोन करायला दुसरं कुणी नाही. आईला केला की ती भावाच्या पोरांचंच सांगते. खोलीवर गेलं की भिंती. वाटलं, आणखी एक दिवस. मग आणखी एक…

ताई: ठेवते मी.

धाकटी: ताई, ऐका ना—

(फोन बंद. चार मिनिटांनी धाकटीचा फोन वाजतो.)

धाकटी: हॅलो? ताई?

ताई: ते मशीन बंद केलंस का?

धाकटी: काय?

ताई: सेंट्रिफ्यूज. मघाशी खडखडत होतं. भांडणाच्या नादात बोलायचं राहिलं. समोरासमोरच्या नळ्या सारख्या वजनाच्या ठेवल्या नसतील तुम्ही.

धाकटी: पाच नळ्या होत्या. पाचवी एकटीच होती.

ताई: एकटी ठेवायची नसते. तिच्यासमोर तेवढ्याच पाण्याची नळी ठेवायची. नाहीतर सगळं मशीन हादरतं, एखादी नळी फुटली तर कुणाच्या तरी अंगावर उडेल. जा, बंद कर आधी.

धाकटी: एक मिनिट हं… केलं. थांबलं.

ताई: शिकवायला कुणी नाही का तिथे?

धाकटी: आहेत, पण विचारायची भीती वाटते. सगळे जुने. जेवायला एकत्र बसतात, त्यांच्यात एक खुर्ची कमीच असते. मी जिन्यात बसून डबा खाते. आत्ताही जिन्याच्या दारातच उभी राहून बोलत होते.

ताई: खुर्ची ओढून घ्यायची. कुणी आणून देत नाही.

धाकटी: हो.

ताई: मी आता त्या लॅबवाल्याकडे जाऊन येते. जागा गेली असेल, तरी विचारून येते.

धाकटी: मी येऊ तुमच्याबरोबर? सुट्टी मागते अर्ध्या दिवसाची.

ताई: तिसऱ्याच दिवशी सुट्टी? काही नको. आणि माझी कीव करू नकोस, मला ती पचत नाही.

धाकटी: रागावलात ना?

ताई: हो. चांगलीच रागावलेय. उद्यापर्यंत जाईल असंही नाही.

धाकटी: मग उद्या फोन नको करू?

ताई: कशासाठी करणार? विचारायचं ते तर संपलं.

धाकटी: असाच.

ताई: …दहाला नको करूस. कामाच्या वेळी फोनवर दिसलीस तर बोलतील तुला.

धाकटी: मग कधी?

ताई: सहानंतर कर. सहानंतर घर फार शांत असतं.