हेवा वाटावा असं काम

संघमित्रा : चार महिने? काका, चार महिने एका पत्राला उत्तर नाही?

चिंतामणी : विसरलो.

संघमित्रा : विसरलात, आणि जाकिटाच्या खिशात घेऊन फिरताय?

चिंतामणी : तू दान आलेल्या कपड्यांचे खिसे तपासायचेस. माझे नाहीत.

संघमित्रा : सॉरी ना. हँगरला होतं, मला वाटलं दानातलंच. साठ रुपयांचं लेबलपण लावलं.

चिंतामणी : साठच?

संघमित्रा : पण अक्षर काय मस्त आहे हो यांचं!

चिंतामणी : म्हणूनच लिहितो राजाराम. घोडपदेवहून परळला पत्र! घरात फोन आहे. पण फोनवर अक्षर दिसत नाही ना.

संघमित्रा : ‘प्रिय चिंतामणी, जुन्या वस्तूंच्या दुकानात काम करण्याचे फायदे-तोटे मोकळेपणी कळव. मीही यावं म्हणतो.’ अहो, मग बोलवा की! कांताताई सोमवारपासून दुकानात कामाला येणार नाहीत. मी एकटी किती मरू?

चिंतामणी : मी आहे ना.

संघमित्रा : तुम्ही गिऱ्हाईक आलं की कपाटामागे जाता.

चिंतामणी : तोटे कळवायला हवेत त्याला. धूळ. शिंका. गेलेल्या माणसांचे स्वेटर. जुन्या कुकरसाठी अर्धा तास घासाघीस.

संघमित्रा : आणि फायदे?

चिंतामणी : आठवत नाहीत.

संघमित्रा : मी सांगते. आलेलं पुस्तक पहिलं तुमच्या हातात पडतं. नवं आलेलं काही स्टाफनं आठ दिवस विकत घ्यायचं नाही हा रूल, म्हणून तुम्ही ते मागच्या रांगेत उलटं लपवता. दिसतं मला.

चिंतामणी : दोनदाच.

संघमित्रा : या आठवड्यात!

चिंतामणी : तुला राजाराम ठाऊक नाही. बँकेत एकतीस वर्षं शेजारी बसलो. त्याच्या खिडकीसमोर रांग, माझी मोकळी. लोक माझ्याकडे यायचे ते विचारायला, ‘ते साहेब जेवायला गेलेत का?’ इथे पहिल्यांदा कुणीतरी येऊन म्हणतं, पुस्तकवाले काका आहेत का. तो आला की आठवड्यात सगळे राजारामकाका, राजारामकाका करतील. तू सगळ्यांत आधी. तो गातोसुद्धा.

संघमित्रा : थांबा, मागेपण लिहिलंय. ‘आता दिवसभर कुणी हाक मारत नाही. तुला मात्र लोक शोधत येतात म्हणे. खरं सांगतो, तुझा हेवा वाटतो.’ काका, हे वाचलंत ना?

चिंतामणी : पाठ आहे.

संघमित्रा : मग?

चिंतामणी : एकतीस वर्षं मी त्याचा हेवा केला. त्याला माझा वाटतोय जेमतेम चार महिने. तो इथे येऊन शेजारी बसला की संपलं. म्हटलं, अजून थोडे दिवस वाटू दे.

संघमित्रा : आणि ते बिचारे रोज पोस्टमनची वाट बघत असतील.

चिंतामणी : तेही मनात येतं. जेवताना विशेष.

संघमित्रा : हे घ्या पेन. मी साड्या लावते तिकडे. बघत नाही.

(तासाभराने चिंतामणी रस्त्यावरून परत येतात.)

संघमित्रा : टाकलंत?

चिंतामणी : टाकलं.

संघमित्रा : काय लिहिलंत?

चिंतामणी : पत्र मिळताच ये. डबा आण. पुस्तकांच्या कपाटाला हात लावायचा नाही.

संघमित्रा : काका!

चिंतामणी : शेवटचं खोडलं गं.

संघमित्रा : मग इतका वेळ कुठे होतात?

चिंतामणी : टपालपेटीत हात घालून पाहत होतो. पत्रापर्यंत पोचत नाही.