पंच्याऐंशीच्या आत

आन हे डायटचा कागद लिहिनारे लोक 'मूठभर' म्हनत्यात ना... मूठभर भात, मूठभर डाळ, मूठभर फुटाने... आवो, पन मूठ कोनाची? ते कुठंच लिहीत न्हाईत. माझा रूम पार्टनर एडविन, राहात्याचा, त्याची मूठ म्हंजे लिंबायेवढी. आन आमच्या आण्णांची मूठ... आण्णा म्हंजे माझे वडील, भिमाजी, तिसगावच्या बाजारात तीस वर्षं झाली भेळभत्ता आन गोडीशेव इकत्यात, त्यांनी एक मूठ कागदावर टाकली की दोन मानसं हुबं राहून खात्यात. मी त्या मुठीवर वाढलेला मानूस. अठ्ठ्याण्णव किलो. आन त्या आहाराच्या स्नेहल मॅडम मला सांगत्यात, "कानिफनाथ, संध्याकाळी भूक लागली तर मूठभर चुरमुरे घ्यायचे." म्हनलं, मॅडम, चुरमुरे आमच्याकडं पोत्यानं येत्यात. त्या हसल्या न्हाईत. त्या कधीच हसायच्या न्हाईत, मला वाटतं हसायला बी कागदात परवानगी नसंल.

तुमाला सांगतो, भूक पोटात नसतीच. पोटात असती तर तांब्याभर पानी पिऊन भागली असती. ती कानात असती. कढईच्या काठावर झारा आपटल्याचा आवाज हाय ना, ठण्ण... मी नगरला होस्टेलवर, तिसगाव चाळीस किलोमीटर, आन मला इंजिनिअरिंगच्या थर्डइयरला, थर्मोडायनॅमिक्सच्या तासाला तो आवाज यायचा. सर फळ्यावर उष्णतेचं गणित मांडायचे आन मला त्या उष्णतेवर तेल तापलेलं दिसायचं.

आता तुमी म्हनाल, येवढा जीव जातोय तर खा की बाबा, कोन तुझ्या मागं लागलंय? पोरगी बिरगी हाय का? न्हाई ओ. पोरीसाठी असतं तर मी पहिल्या आठवड्यातच पोरीचा नाद सोडला असता. आण्णांच्या दोन्ही किडन्या गेल्या. बीपी हुतं, कळलंच न्हाई, कळलं तवा उशीर झाल्ता. आठवड्यातून दोनदा नगरला डायलिसिस, मंगळवार आन शुक्रवार. आईला शुगर, तिची किडनी चालत न्हाई. बहीन पूजा, तिचा रक्तगट जुळंना. माझा जुळला. सगळं जुळलं. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले, मान हलवली, मला वाटलं झालं काम. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हंजे लोक खालून वर बघत्यात ना, तसं न्हाई, ह्या कडंपासून त्या कडंपर्यंत बघितलं. म्हनले, "किडनी उत्तम आहे. पण एवढ्या वजनावर तुमचं ऑपरेशन करणं तुमच्यासाठीच धोक्याचं आहे. पंच्याऐंशीच्या आत या, मग बोलू."

तेरा किलो. बाहेर बाकड्यावर आण्णा बसले हुते. "काय म्हनला डॉक्टर?" मी म्हनलं, "तेरा किलो कमी करायला सांगितलंय, त्याबिगर न्हाई म्हनत्यात." आण्णा म्हनले, "मंग बरं झालं." आता ह्या 'बरं झालं'चा अर्थ मला कळायला अडीच महिने लागले.

दिवाळी झाली आन आमी सुरू केलं. आमी म्हंजे मी आन एडविन. एडविन क्रॉस कंट्रीला पळनारा गडी, त्यानं मला ताब्यात घेतलं. पहाटं पाचला उठवायचा. "कान्या, ऊठ, आण्णांचं काम हाय." असं म्हनल्यावर मानसाला कूस बदलता येती का, सांगा. पहिल्या दिवशी ग्राउंडला अर्धा राऊंड झाला. तिथलं एक कुत्रं आदी माझ्यावर भुंकलं, मग माझ्यासंगं पळालं, मग माझ्याकडं बघून सावकाश चालायला लागलं. कुत्र्याला दया आली तुमाला सांगतो. तिथनं येऊन आंघोळ, नऊ ते पाच कॉलेज, प्रॅक्टिकल, जर्नल, सबमिशन, आन मधल्या सुट्टीत सगळे वडापावच्या गाडीवर, मी जिन्यात बसून काकडी. काकडी खाल्ल्यावर लई आवाज येतो ओ. पलीकडच्या वर्गातली पोरं वाकून बघायची. मेसच्या रतनमावशी तर पहिल्या दिवशी माझं ताट बघून म्हनल्या, "कोनी गेलं का रं घरात?"

आन शनवारी घरी जायचं म्हनलं तर एसटी. आमच्या रस्त्याला मधी गाव कोनतं, तर करंजी. आता गावाचं नाव हाय, गावाची काय चूक? पन कंडक्टर आपला दारात हुबा राहून, "करंजी, करंजी... चला करंजीवाले, करंजी घ्या लवकर." मी खिडकीला डोकं टेकवून डोळे मिटायचो. मला ते पातळ पदर दिसायचे, आतलं ओल्या नारळाचं सारन... एकदा शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पोरा, घाट लागतो का तुला?" म्हनलं, न्हाई बाबा, घाटाखालचं गाव लागतं.

पन खरं सांगू का, माझं काहीच न्हाई. आण्णांचं बघा. त्यांना दिवसाला एक लिटर पानी. चहा, आमटी, गोळ्यांचा घोट, सगळं धरून एक लिटर. मीठ बंद, टमाटं बंद, केळ बंद. ज्या मानसानं तीस वर्षं अख्ख्या पंचक्रोशीच्या जिभेला चव दिली, त्याच्या ताटात बिनमिठाचा दुधी. मग आमी दोघं रोज संध्याकाळी फोन करायचो. "काय खाल्लं आज?" "अर्धी भाकरी आन काकडी. तुमी?" "दुधी." मग हळूच आण्णा म्हनायचे, "कानिफा, बाजारात आज कलिंगडं आल्ती." "आण्णा, नका सांगू." "एक कापून ठिवलं हुतं रे. नुसतं बघून आलो. जरा येळ हुबा ऱ्हायलो." मग मी म्हनायचो, "आण्णा, गोडीशेव पाकात टाकल्यावर कडंला जो गूळ धरतो ना..." "व्हय." "तो खरवडून..." "व्हय रे." अशी दहा-दहा मिनिटं. लोकांचे बाप-लेक शेतीवर बोलत्यात, राजकारनावर बोलत्यात. आमी न खाल्लेल्या वस्तूंवर बोलायचो. तुमाला सांगतो, भूक पोटात नसतीच, ती फोनात असती.

बरं, येवढं करून वजन? पहिल्या महिन्यात तीन किलो उतरलं. पंच्याण्णव. आन तिथं जे बसलं ते बसलंच. नाताळ गेला, पंच्याण्णव. एडविननं घरनं फराळ आनला तर बिचारा मला दिसू नये म्हनून बाथरूममधी नळ सोडून चकल्या खायचा, येवढं त्यानं माझ्यासाठी केलं, तरी पंच्याण्णव. मॅडम कागद बघायच्या, काटा बघायच्या, माझ्याकडं बघायच्या. "कानिफनाथ, काही लपवताय का?"

लपवत हुतो की. काय झालं, मंगळवारी आन शुक्रवारी आण्णा डायलिसिसला यायचे तवा पिशवीत डबा असायचा. "आईनं दिलंय, टाकू नको." वर फुटाने, कागदातले. आन फुटान्याच्या खाली गोडीशेव. मी म्हनायचो, आण्णा, हे न्हाई चालत. तर म्हनायचे, "गुळाची हाय, साखर न्हाई." आता मला सांगा, स्वतः पान्याला महाग झालेला बाप, हाताला सुया टोचल्याल्या खुना, आन तो डबा पुढं करतोय. न्हाई म्हनाल तुमी? मी खायचो. जिन्यात बसून, मान खाली घालून, सगळा डबा. आन खाताना रडू यायचं, आन रडताना बी चव लागायची, येवढी लाज वाटायची सांगतो...

मग संक्रांतीला आईचा फोन. आमची आई, लंकाबाई, हिच्या पोटात काहीच ऱ्हात न्हाई. "तिळगूळ पाठवू का?" म्हनली. म्हनलं, आई, नगं, तुझ्या डब्यानंच माझा काटा हलंना. तर म्हनली, "माझा कोनता डबा? मी त्यांना म्हनते, कशाला पोराला भरवता, त्याला बारीक व्हायचंय. तर म्हनत्यात, गप ऱ्हा. पंच्याऐंशीच्या आत येऊ द्यायचा न्हाई त्याला. पोटचं पोर कापायचं का माझ्यासाठी?"

मी फोन ठिवला. एडविन म्हनला, काय झालं रे. म्हनलं, आमचा बाप मला वाचवतोय.

मंगळवारी गेलो. आण्णा मशीनला लावल्याले, एका हातातून नळ्या, डोळे मिटून पडलेले. पिशवीत डबा. मी म्हनलं, "आण्णा, आईनं सांगितलं सगळं." त्यांनी डोळे न्हाई उघडले. म्हनले, "तिला सांगायला नगं हुतं."

"का करता असं?"

डोळे मिटूनच म्हनले, "तू झाला तवा दीड किलोचा हुता. दवाखान्यातली बाई म्हनली, आशा धरू नका. तुझी आई रडायची, मी तुला तळहातावर धरून बसायचो. मग तू खायला लागला. मी बाजारातनं आलो की पहिला तुला उचलून बघायचो, वाढला का. तुझा एकेक किलो माझा हाय कानिफा. तू ते उतरवून टाकायला निघाला, आन वर किडनी बी काढून द्यायला. मला न्हाई घेववत."

मी इंजिनिअरिंगचा मानूस, मला फक्त आकडे येत्यात. मी म्हनलं, "आण्णा, सगळे अठ्ठ्याण्णव किलो तुमचेच ना? मग त्यातलं दीडशे ग्रॅम माघारी घ्यायला काय हुतंय?"

त्यांनी डोळे उघडले. "दीडशे ग्रॅम?"

"किडनी दीडशे ग्रॅमची असती."

तीस वर्षं तराजू धरलेला मानूस. छताकडं बघत मनात वजन करून बघितलं. "म्हंजे पावशेर बी न्हाई," म्हनले. "व्हय. पावशेर बी न्हाई." मशीनचा आवाज नुसता. आन मग हळूच म्हनले, "त्या पिशवीतला डबा घेऊन जा. त्या एडविनला दे. तू नगं खाऊ."

तिथनं डबा बंद. आन खरी भूक तवा लागली. तवर मला वाटायचं मला शेव पायजे. डबा बंद झाला आन कळलं, मला शेव नगं हुती, मंगळवार-शुक्रवार कोनीतरी "खा" म्हननारं पायजे हुतं. आता आण्णा भेटायचे आन विचारायचे, "पळाला का?" बस. भूक पोटात नसती ओ... जाऊ द्या. मी पळत हुतो. फेब्रुवारी, मार्च, इंटर्नल, सबमिशन, तोंडी परीक्षा, पळत हुतो. त्या कुत्र्याला मी मागं टाकलं. पँट सुतळीनं बांधायला लागली. मे महिन्यात काट्यावर हुबा ऱ्हायलो, चौऱ्याऐंशी किलो सहाशे ग्रॅम. स्नेहल मॅडमनी आकडा लिहिला, पेन ठिवला, आन हसल्या. पहिल्यांदा बघितलं त्यांना हसताना, चांगल्या दिसत्यात.

जूनमधी ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलो, कुशीत दुखत हुतं, पहिलं विचारलं, आण्णा? नर्स म्हनली, "लघवी झाली त्यांना. भरपूर." त्या दिवशी आमच्या घरात त्या एका शब्दावर जेवढा आनंद झाला ना, तेवढा माझ्या बारावीच्या निकालाला बी झाला नव्हता.

आता चार महिने झाले. दोघं बरे हाय. फक्त आण्णांना ज्या गोळ्या हायत, त्यांनी भूक लई लागती. डॉक्टरांनी सांगितलंय, जपून. पन हा मानूस सकाळी उठला की चुलीकडं तोंड. आई म्हनती, "कानिफा, किडनीसंगं तुझी भूक बी गेली काय रं यांच्यात?" आन माझं झालंय उलटं. खायला मोकळीक हाय, आन मला जातच न्हाई. परवा आईनं हुलग्याचे शेंगोळे केल्ते, लसूण ठेचून, वाफ नाकापर्यंत. सहा महिने ज्याची स्वप्नं बघितली ते ताटात, आन चार खाल्ले की पोट म्हनलं बास. नुसता बसलो ताटाकडं बघत. वाटलं, भूक हुती तवा निदान कोनाची तरी वाट बघितल्यासारखं वाटायचं.

आण्णांची वाटी पुसून झाली हुती. माझ्याकडं बघितलं. म्हनलं, आता 'खा' म्हननार. त्यांनी माझं ताट वढलं, म्हनले, "तू खात न्हाईस ना? दे इकडं."

किडनी घ्यायला ह्या मानसानं महिनोन्‌महिने लावले. शेंगोळे घ्यायला एक मिनिट लागलं न्हाई.