कवळी तर डबीत हाय!

हॅलो?… हॅलो, समता?… हाव, मी सिंधूकाकूच. दुसरं कोन उचलते इथं जानेफळात?… थांब, गॅस बारीक करते, सकाळचा चहा ठेवला हाय… हं. नाई, तू नोको बोलू, मी बोलते. तुह्या काकाले झॉम्बी काऊन केलं तू?

…नाव बदललं म्हने! नाव बदलून काय होते? खोकला त्यायचाच. 'बरं मंग, बरं मंग' म्हननं त्यायचंच. काल उत्तमरावच्या गिरणीवर त्याच्या पोरीनं, पायलनं मोबाईलवर लावली तुही गोष्ट. उत्तमरावनं गिरणी बंद केली आयकाले! दळन राह्यलं बाजूले, साऱ्या बाया माह्या तोंडाकडं पाहून राह्यल्या. 'सिंधूताई, हे तर आपले माणिकराव!'… मंग काय, पेढे वाटू? तू पुण्यात बसून कानानं आयकाच्या गोष्टी बनवतं, बनव. कोनाले पाहिजे त्याले उठव. आमच्या घरचा मानूस सरणावरून उठवून गावभर कायले फिरवतं?

हो, हो… अगं आयक ना! अन् चावलं कोनाले? शेजारणीले! म्हंजे अन्नपूर्णाबाईले!… मनानं रचली? तिच्या डोक्शावर अन्नपूर्णाबाईसारखंच वांग्याचं टोपलं हाय ना गोष्टीत? मंग? अगं, त्या मानसाले शेवटी शेवटी भाकर दुधात कुस्करून द्या लागे. कवळी तर अजून खिडकीत डबीत हाय! कायनं चावलं त्यायनं?

…हासू नोको. माह्या जिवाचा संताप होऊन राह्यला अन् तू हासतं.

…नाई, चावल्याचा राग नाई एवढा. तो चहाचा कप काऊन टाकला त्यात?… हाव, तोच. ते म्या तुले एकटीले सांगतलं होतं. चुलीजवळ बसून. मायलेकीसारखं. सकाळी दोन कप करते, एक त्यायच्या खुर्चीपाशी ठेवते, थंडा झाला का लिंबाच्या आळ्यात ओतते. कोनाले माहीत नव्हतं, समता. विहारात कोनाले माहीत नव्हतं.

…लाज? लाज नाई त काय! ज्या मानसानं सारी हयात घरोघरी जाऊन सांगतलं, 'मेलेल्याले ताट वाढू नका, जित्याले वाढा', त्याच्याच घरात त्याची बायको त्याच्या नावानं चहा ठेवते! ते गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाले भंतेजी म्हनले, सारं अनित्य हाय. म्या सगळ्यायच्या आधी मान हालवली. अन् दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते त काय, हातानं दोन कप काढले.

…काय म्हनलं? झॉम्बी वाईट नाई?… हं… हं… आयकलं ना म्या, बहिरी हाय का? त्याले निजाचं असते. रोज सकाळी त्या चहाच्या वासानं त्याले उठा लागते. बायकोले म्हनते, 'आता पुरे'… खोटं! निरा खोटं! त्या मानसानं चहाले जन्मात कधी पुरे म्हटलं नाई!

…म्हंजे मी निजू देत नाई त्याले. असंच ना? तुह्या तोंडानं म्हन ना मंग. ते भाड्याच्या आवाजाचे मानसं कायले लावतं मधात?

…हॅलो?… गेली का लाईन?… हाय ना? मंग बोल… अवं, रडून काऊन राह्यली? रडाचं म्या का तू?… हाव… हाव, रागावले असते ते. तुह्यावर नाई. माह्यावर. 'सिंधू, हे काय लावलं तू,' असंच म्हनले असते, अन् वरून कप पिऊनही घेतला असता… हो ना… तसेच होते ते.

थांब, दारात कोनतरी हाय… या, या! अगं, अन्नपूर्णाबाईच आल्या. तू धर फोन… हाव, अन्नपूर्णाबाई, समताच हाय फोनवर. हाव, तुमालेच चावलं! म्या तेच म्हनून राह्यली तिले, कवळी त डबीत हाय!… बसा ना. तिथं नोका… बरं, तिथंच बसा. खुर्चीच हाय, आता तिच्यात कोनी बसत ना कोनी उठत.

…काय म्हनता? हा? हा कप… हा कोनाचा नाई. घ्या… अवं घ्या म्हनते ना! गरम हाय तवर घ्या. जित्या हाय ना तुमी?

…हं, समता. नाई, कुठी नाई गेली मी, इथंच हाय. डोळ्यात धूर गेला… गॅसले धूर नसते, माहीत हाय मले, तू गोष्टी लिही, शहाणपणा नोको शिकवू.

…नाई. गोष्ट काढू नोको. राहू दे. पन ते चावनं काढ, अन् शेवट दुसरा कर. तो आपल्या पायानं येते, बसते, शेजारीण चहा पिऊन राह्यली ते पाहते, अन् 'बरं मंग' म्हनून जाते. बस. त्याच्यात कोनाले भेव लागत नाई, त न लागो.

…काय? त्या कपाचं काय झालं?… अन्नपूर्णाबाईनं पेला. सारा. बशीत ओतू ओतू पेला अन् वरून म्हनते साखर कमी हाय.

ठेवते आता. लिंबाले आज पानीच टाका लागन.