दुधातली चिमूटभर राख

माहं माहेर इंझोरीचं. बाप सालदार होता, दुसऱ्याच्या वावरात जल्म गेला त्याचा, पण धम्म घेतला तवा त्यानं घरातले सारे देव टोपल्यात भरले अन् नदीत नेऊन सोडले, मी लहान होती, मागं मागं गेली, मले वाटे आता हे देव पोहत पोहत कोण्या गावाले जातीन. चौथीवरी शिकली मी. मास्तर म्हणे हे पोट्टी पुढं जाईन, पण पुढं गावात शाळाच नव्हती, पुढं लगन होतं. जऊळक्याले दिली मले. जऊळक्याले काहून, तं तिथं रेल्वेचं ठेसन हाये, बाप म्हणे ठेसनाचं गाव हाये, पोरगी कवाबी येईन जाईन. काय सांगू तुमाले भाऊ, लिहून घ्या, थे गाडी म्या नुसती जातानीच पाह्यली.

घरात सासू, आमचे हे अन् माहा दीर मनोहर. मी आली तवा मनोहर शाळेत होता, वाशीमले गाडीनं जाये. मी त्याले अरेतुरेच करतो, तुमी वाईट मानू नका, माया हाताखालचं पोरगं हाये थे. त्याची भाकर म्या बांधली, त्याचे कपडे म्या धुतले, अन् निंदायले नाई तं कापूस वेचायले आमी दोघं नवरा-बायको गेलो म्हून थो पुस्तक घेऊन बसला. बसे कुठं, तं माया चुलीजवळ, उजेड असे न तिथं. मोठ्यानं वाचे. मी भाकरी थापत थापत आयके, अन् एखांद्या वक्ती थो अडकला तं पुढचं मीच सांगो. थो हासे, म्हणे वहिनी, मले नोकरी लागली की पयलं तुले गाडीत बसवतो अन् समुद्र दाखवतो. म्या म्हटलं, मले नाई लागत तुहा समुद्र. पण मनात धरून ठेवला होता म्या थो समुद्र.

अकोल्याले थो शास्त्र शिकला अन् नोकरी लागली तिकडं समुद्राच्या काठावर, अणूच्या भट्टीवर वीज करतात त्या कारखान्यात. गावात कोणालेच समजे ना अणू काय हाये थे. मलेबी कुठं समजे, पण त्यानं समजावून सांगतलं मले, माही सासू उठून गेली तरी मी आयकत बसली. थो म्हणे कारखान्याच्या धुराड्यातून डोयाले न दिसणारं काही बाहेर पडते का, थे पाहाचं काम माहं हाये. आसपासच्या गावातलं गवत घ्याचं, माती घ्याची, समुद्राची मच्छी घ्याची, दूध घ्याचं अन् यंत्राखाली ठेवून मोजाचं. म्या म्हटलं दूध काहून. म्हणे हवेतलं गवतावर पडते, गवत गाय खाते, गायीचं दुधात उतरते, अन् दूध लेकरू पेते. मले लय पटलं थे. सासरी-माहेरी मले इतकं नीट कोणी कवा काही समजावून सांगतलं नव्हतं.

अन् मंग त्याचं लगन झालं. शकुंतला. अमरावतीची, मॅट्रिक पास, बापाची पोस्टात नोकरी. आली अन् सहा दिवसांत गेली त्याच्यासंगं. समुद्र पाहाले. आता तुमी म्हणसान गयाबाई, बायको हाये थे त्याची, तिले नाई नेईन तं कोणाले नेईन. मलेबी समजते. पण झाड म्या लावलं, पाणी म्या घातलं, अन् आंबा खाले थे आली, हे काही माया पोटातून जाये ना. सुट्टीत आली की म्हणे, बाई, आमच्या क्वार्टरात भिंतीतच नळ हाये, आमच्याइथं बटन दाबलं की पंखा फिरते. अन् मी हिरीवरून पाणी आणून राह्यली. तिच्या नायलॉनच्या साडीले हातबी लावो नाई मी, अन् दोरीवर वायत घातली की येता-जाता पाहो. जळत होती मी. खोटं कायले बोलू.

पण एक गोष्ट माही होती. मनोहरच्या सायबाले एक लांबचं गाव पाहिजे होतं, जिथं कारखान्याचा वारा पोचत नाई असं. म्हणजे इकडचं दूध तिकडच्या दुधासंगं ताडून पाहाचं. मनोहर म्हणे माया गावी गाय हाये, ठेसन हाये. झालं. महिन्याच्या महिन्याले लाकडाच्या पेटीतून रिकाम्या बाटल्या येत, त्यात नासू नाई म्हून औषध टाकलेलं असे. मी ढवळी गायीचं दूध काढो, भरो, बूच लावो, अन् आमचे हे ठेसनावर नेऊन गाडीले लावत. साऱ्या गावात म्या सांगतलं, माया गायीच्या दुधावर कारखाना चालते. शकुंतलेले म्हटलं, तुह्या घरी नळ हाये न, पण दूध मायाच घरचं लागते तुह्या नवऱ्याले.

आता इथं तुमाले सासूचं सांगा लागते. सासूनंबी देव सोडले होते, बुद्धवंदना तिची तोंडपाठ. पण दूध घराबाहेर चाललं की त्यात चुलीतली चिमूटभर राख टाकल्याबिगर तिच्यानं राहवे ना. कोणाची नजर गायीच्या सडाले लागू नाई म्हून. तिची सासू टाके, तिच्या सासूची सासू टाके. देव गेले नदीत अन् राख राह्यली चुलीत. शेजारी दूध गेलं की चिमूट, चहाच्या हाटेलीत गेलं की चिमूट. अन् पेटीतल्या बाटलीत तं दोन चिमटी, कारण थे दूध लय दूर चाललं, रस्त्यानं किती लोकाईचे डोये. मनोहरले माहीत नव्हतं, त्याच्यासमोर थे टाके ना, थो रागावे. मले माहीत होतं, पण मलेबी त्यात काही वावगं दिसलं नाई. घरोघरी टाकतात थे.

एका उन्हाळ्यात शकुंतला एकटीच आधी आली. तोंड उतरलेलं. मी मनात म्हटलं पंखा बिघडला वाटते. मंग रडत रडत सांगतलं तिनं. मुंबईच्या हापिसातून तपासणीवाले सायब आले होते, सारं काम उलगडून पाह्यलं त्याईनं, अन् त्याईले दिसलं का जऊळक्याच्या दुधात कारखान्याजवळच्या दुधापेक्षा थे न दिसणारं जास्त निंगून राह्यलं. उलटंच. जिथं काहीच नाई पाहिजे तिथंच जास्त. सायबाले शक आला, मनोहरनं बाटल्याची अदलाबदल तं नाई केली, कारखान्याजवळचं दूध चांगलं दिसावं म्हून. आता थे सायब मनोहरले घेऊन इथंच येऊन राह्यले, गाय पाहाले. अन् सापडलं नाई काही तं नोकरी गेलीच समजा बाई, थे म्हणे.

नोकरी गेली तं काय करसान, म्या इचारलं. म्हणे काय करू, इथंच येऊन राहू. अन् भाऊ, माया मनात काय आलं थे तुमी लिहा, कापू नका. माया मनात आलं, ये. ये इथं. हिरीवर ये, शेणात हात घाल, दोरीवर वायत घाल तुही नायलॉनची साडी. लय थंड वाटलं मले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं सायब आले. बुटके, चष्म्याचे, शांत माणूस. त्याईनं एक यंत्र काढलं, थे कट कट वाजे, गोठ्यात फिरवलं, कडब्यावर फिरवलं, हिरीजवळ फिरवलं. जिकडं तिकडं सारखंच कट कट. मंग म्हणाले, रोज जसं करता अगदी तसंच करून दाखवा. म्या दूध काढलं, बाटली भरली. सासू बाजूले उभी, डोक्यावर पदर, मनोहर समोर म्हून राखेले तिनं हात नाई लावला. सायब इचारत गेले, भांडं कोणतं, धुता कशानं, दुधात काही घालता का. आमचे हे म्हणे पाण्याचा थेंब नाई सायब, लेकराची शपथ. सासू म्हणे नाई बापा, आमच्या घरी अशी बेइमानी नाई. अन् दोघंबी खरंच बोलून राह्यले होते, कारण राख म्हणजे काही घालणं थोडीच असते. मीठ टाकलं म्हून भाजीत भेसळ केली असं कोणी म्हणते का.

सायबानं चष्मा पुसला. मनोहरले म्हणाले, इथं सगळं स्वच्छ आहे. मग बाटली बदलायची जागा एकच उरते, तुमचा हात. मला तसं लिहावं लागेल.

मनोहर खालीच पाहत राह्यला. लहानपणी वाचतानी अडकला की असाच खाली पाहे थो. मी शकुंतलेकडे पाह्यलं, थे खांबाले धरून उभी, तोंडात पदर कोंबलेला. मले वाटलं होतं मले बरं वाटीन. पण मले एकदम राग आला, तिचा नाई, सायबाचा. अरे हे नोकरी काय तिची हाये? हे नोकरी माही हाये. माया बोटाईले कापसाच्या बोंडानं चिरा पडल्या तवाची हाये. तिले रडवासाठी म्या माहंच पीक उपटून फेकू का?

म्या म्हटलं, सायब, राख.

सायब म्हणाले, कसली राख. मी चुलीजवळ गेली, चिमूट आणली, त्याईच्या डोयासमोर बाटलीत टाकली, एक, अन् मंग दुसरी. म्हटलं असं जाते दरवक्ती. आज तुमी पाहून राह्यले म्हून नाई टाकली. सासू खालीच बसली. मनोहर वरडला, वहिनी, घरातले देव काढून टाकले अन् हे काय करून राह्यल्या तुमी दोघी. सासू म्हणे गया, म्या गायीसाठी टाकली वं, पोरावर उलटीन हे मले काय माहीत.

सायब मातर रागावले नाई. उकिडवे बसले चुलीपुढं. लाकूड कोणतं जाळता म्हणाले, म्या म्हटलं बाभळीचं. त्याईनं राखेची पुडी बांधून घेतली, एक बाटली राखेची, एक बिनराखेची. जातानी समजावून सांगतलं, दूर कोण्या देशात बाँब फोडून पाहतात, त्याचं वाऱ्यानं येते, पावसासंगं पडते, झाड थे जमिनीतून वढते, लाकूड जळलं की सारं राखेत गोळा होऊन राह्यते. थोडंसंच असते, भेव नाई. पण यंत्राले दिसते.

पुढं तसंच निंगालं. बिनराखेचं दूध साफ, राखेचं जास्त. मनोहरवरचा शक गेला. नुसता गेलाच नाई, तं त्याची बढतीबी झाली, का यानं अशी बारीक गोष्ट शोधून काढली. यानं. अन् शकुंतलेले दोन खोल्याचं क्वार्टर भेटलं. पावण्याराव्यात सांगते, आमच्या याईनं शोधलं, घरच्या बायाच राख टाकत होत्या बाई, आमचा तं जीवच जात होता. मी बाजूले बसून आयकतो. सासू गेली दोन साल झाले. बाटल्या अजून येतात, मी अजून भरतो, राख टाकत नाई. माहं दूध दर महिन्याले समुद्राले जाते, मी काही गेली नाई. मनोहर म्हणते चाल वहिनी एक बार, मी म्हणतो जाईन, पण ढवळीले कोण पिळीन.

आत्ता मागच्या महिन्यात शकुंतला आली, लगनाच्या सातव्या साली पोरगं झालं तिले. गोरं, गुबगुबीत. माया दोन पोरी, मले पोरगं नाई, हेबी लिहून ठेवा. तीन दिवस थे लेकरू रडे, दूध टाके, डॉक्टरचं औषध झालं. चौथ्या दिवशी शकुंतला त्याले घेऊन माया चुलीपाशी आली, मनोहर ओसरीत होता. हळूच म्हणे, बाई, याची नजर काढा न. मनोहरनं आयकलं, मले दिसलं, पण त्यानं तोंड पलीकडं केलं.

म्या लेकरू मांडीवर घेतलं. कोणाची नजर लागली असन त्याले, मले सोडून दुसरं कोण हाये. शकुंतलेलेबी माहीत होतं अन् मलेबी. मंग म्या चुलीत बोट घातलं अन् राखेचा टिक्का लावला त्याच्या कपायावर, चांगला जाड, म्हटलं बाबा, माया डोयाचं मीच काढलं, आता शंभर साल जग.