पोटातले पाहुणे

बाळांच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी एक सासू-सून बसल्या होत्या. सुनेच्या मांडीवर दोन महिन्यांचं बाळ आणि हातात डॉक्टरांनी दिलेली थेंबांची बाटली होती.

"एवढ्याशा जिवाच्या पोटात जंतू सोडायचे?"

"चांगले जंतू असतात, आई. अंगावरच्या दुधाने ते वाढतात. आपल्याकडे डब्याचं दूध, म्हणून हे थेंब."

"पोटदुखीला गुण येईल?"

"येईलही, म्हणाले डॉक्टर. खात्री नाही दिली."

"पण तू रडतेस कशाला?"

"मला दूध आलं असतं तर थेंब लागलेच नसते."

"तुझ्या नवऱ्यालाही मी डब्याचंच पाजलं."

"तुम्ही तर म्हणायचात, दोन वर्षं अंगावर पाजलं."

"माझ्या सासूबाईंच्या धाकाने तसं म्हटलं. मग सगळ्यांनाच सांगत गेले."

"यांना माहीत आहे?"

"आज घरी गेल्यावर सांगते. बाळाला दे इकडे, तू तोंड धुऊन ये."